परतीचे पाणी

पाठ्यपुस्तकाच्या कामात पुष्कळदा एखादा शब्दच माणसाला अडवून धरतो. गेल्या हिवाळ्यात माझे तसेच झाले. आमच्या समितीपुढे ऊर्जेच्या साधनांवरील एक पाठ आला होता. विज्ञानाची बाजू तपासणारे तज्ज्ञ वेगळे होते. माझ्याकडे भाषा तपासण्याचे काम होते. शुद्धलेखन, वाक्यरचना आणि विद्यार्थ्यांना पेलेल अशी शब्दयोजना एवढेच मी पाहायचे. त्या पाठात एक वाक्य असे होते : ‘पृथ्वीच्या पोटातील उष्णता अमर्याद असून गरम पाण्याचे झरे हे त्या भांडाराचे उघडे दार आहे.’ वाक्य शुद्ध होते, कानाला गोडही होते. तरी ‘अमर्याद’ या शब्दाखाली मी एक बारीक रेघ ओढली आणि समासात प्रश्नचिन्ह केले. का केले, ते तेव्हा मला नेमके सांगता आले नसते.

अशा झऱ्यांच्या सोबतीने माझे बालपण गेले, हे त्याचे एक कारण असावे. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात. आरवली, तुरळ, राजवाडी ही गरम पाण्याच्या कुंडांची गावे आमच्या पंचक्रोशीतली. थंडीच्या दिवसांत आजीचे गुडघे धरले की थोरला भाऊ तिला तुरळच्या कुंडावर घेऊन जाई आणि मी त्यांच्यामागे धावे. पहाटे कुंडावर वाफ तरंगत असे. गंधकासारखा किंचित उग्र वास येई. आजी पदर सावरून हळूहळू पाण्यात पाय सोडी आणि ‘देवीची कृपा’ म्हणून डोळे मिटून बसे. शाळेत गुरुजींनी सांगितले की, खाली गंधक आहे म्हणून पाणी तापते. दादाला दोन्ही उत्तरे पटत नसत. “चूल पेटवायला लाकूड लागतं. इथे कोण लाकूड घालतं?” असे तो विचारी. त्याला उत्तर देणारे तेव्हा कोणी नव्हते.

दादाची शाळा नववीतच सुटली. वडील अंथरुणाला खिळले आणि घराचा भार त्याच्यावर आला. १९८२ साली ओळखीच्या एका गृहस्थांबरोबर तो जयपूरला गेला आणि विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील एका लहान कारखान्यात मदतनीस म्हणून लागला. पुढे बाष्पकाचे, म्हणजे बॉयलरचे, काम शिकला, त्याची परीक्षा दिली आणि सारे आयुष्य वाफेच्या सोबतीत काढले. आता तो निवृत्त आहे. तरी नव्या मुलांना शिकवण्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस मालक त्याला बोलावतात. त्याच्याकडे जाण्याचे माझे बरेच दिवस राहिले होते. तपासायची पाने पिशवीत घालून मी जयपूरची गाडी धरली.

जयपूर म्हटले की आपल्याला हवामहाल आणि गुलाबी भिंती आठवतात. दादाचे जयपूर वेगळे. शहराच्या उत्तरेला सीकर रस्त्याला लागून हे औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. तेथील रस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. ‘चौदा नंबरच्या रस्त्यावर या’ असा पत्ता सांगतात. लोखंड, तारा, रबर, तेल, यंत्रांचे सुटे भाग अशी नाना कामे तेथील शेडमधून चालतात. देवांच्या कारागिराचे नाव या वसाहतीला दिले आहे, ते शोभते. मागे अरवलीचे उघडेबोडके डोंगर दिसतात. आरवलीच्या शेजारचा मुलगा अरवलीच्या पायथ्याशी येऊन राहिला, असे दादा पूर्वी पत्रांतून थट्टेने लिहीत असे. त्या थट्टेत गावाची आठवण असे, हे मला फार उशिरा कळले.

दुसऱ्या दिवशी त्याने मला कारखाना दाखवला. रबराच्या वस्तू तेथे वाफेच्या उष्णतेने पक्क्या केल्या जातात. बॉयलरच्या भट्टीत मोहरीचे काड जळत होते. दादाने काचेतून पाण्याची पातळी दाखवली, दाबाचा काटा दाखवला आणि मग एका जाड गुंडाळलेल्या नळीवर हात ठेवून म्हणाला, “बाय, बॉयलरमधली सगळ्यांत शहाणी नळी ही. वाफ साच्यांना उष्णता देते आणि पुन्हा पाणी होते. ते पाणी आम्ही टाकून देत नाही. या नळीने परत टाकीत आणतो. परतीचं पाणी गरम असतं, स्वच्छ असतं. ते वाया घालवलं तर जळण जास्त लागतं, पाणी जास्त लागतं आणि वर बॉयलरमध्ये क्षार धरतो. नवा माणूस आला की मी त्याला पहिल्यांदा हीच नळी दाखवतो.”

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी पिशवीतली पाने काढली. दादाने चष्मा लावून तो पाठ सावकाश वाचला. गरम झऱ्यांच्या पाण्याविषयी त्याने लहानपणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या पानांत होते. तो पुन्हा पुन्हा मागे जाऊन वाचत होता.

उत्तर असे की, तेथे लाकूडही नाही आणि गंधकाची भट्टीही नाही. गंधकाचा वास हा त्या पाण्यात विरघळलेल्या वायूचा. तो उष्णतेचे कारण नव्हे. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा; त्याची धग केव्हाच विझली. कोकणात आज जिवंत ज्वालामुखी नाही. तरीही जमिनीत खोल जावे तशी उष्णता वाढत जाते. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. पृथ्वीच्या जन्मापासून उरलेली उष्णता आणि खडकांतील किरणोत्सारी द्रव्यांच्या विघटनातून सतत निर्माण होणारी उष्णता ही त्यामागची कारणे. आकाशातून पडलेले पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून आणि भ्रंशांतून खाली झिरपत जाते. दोन-अडीच किलोमीटर खोल गेले की तेथील खडकच त्याला तापवतो. तापलेले पाणी हलके होते; एखादी उभी, मोकळी भेग सापडली की ते वर चढू लागते आणि कुठल्या तरी ओढ्याकाठी कुंड होऊन प्रकटते. म्हणजे हे पाताळातले निराळे पाणी नव्हे. तुरळ-राजवाडीच्या पाण्याचा अभ्यास भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केला आहे. ते पाणी मूळचे पावसाचेच आहे, हे त्यातील समस्थानिकांवरून दिसते. अशा खोल प्रवासाला काही दशके लागतात, कधी शतके, कधी हजारो वर्षे.

“म्हणजे आजीने पाय सोडले ते पाणी कुणाच्या पणजोबांच्या काळातला पाऊस असेल,” दादा म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला.

मग तो उठला आणि कपाटातून एक जुनी वही घेऊन आला. गरम झऱ्यांवर वीज होणार, अशा बातम्यांची कात्रणे त्याने वर्षानुवर्षे तीत चिकटवून ठेवली होती. पालघरकडील कोकनेरेपासून दक्षिणेस राजापुरापर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये, गरम झऱ्यांची एक लांब ओळ आहे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी त्या ओळीतली, पालीजवळचे उन्हेरे तिच्यातले आणि खेडकडचे उन्हवरेही तिच्यातलेच. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास तापलेले असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या पट्ट्यात विंधनछिद्रे घेऊन पाहणी केली आहे. जास्त गरम पाण्यात सिलिका जास्त विरघळते. तिच्या प्रमाणावरून खोलवरचे पाणी शंभर अंशांच्याही वर तापत असावे, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला आहे. यातले बरेचसे त्या वहीत होते. २०२५ साली केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्याची बातमी शेवटच्या पानावर होती.

“मला खरं सांग,” तो म्हणाला, “आपल्या पाण्यावर वीज होईल का? झाली तर गावात कारखाना येईल. पोरांना माझ्यासारखं गाव सोडावं लागणार नाही.”

मी मराठीची विद्यार्थिनी. परंतु तो प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. त्या घरात अभियांत्रिकीची पदविका घेतलेला माझा पुतण्या होता. पाठाची पाने, दादाची वही आणि पुतण्याचे गणित अशी आमची तिघांची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली.

जगात या उष्णतेवर वीज होते, यात शंका नाही. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ साली जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे लावून दाखवण्यात आले. १९१३ साली तेथे २५० किलोवॅटचे वीजकेंद्र सुरू झाले. पण तेथे आयती वाफ होती. पाणी उकळत्या तापमानाहून थंड असेल तर दुसरी युक्ती करतात. ते पाणी थेट चक्राकडे न नेता, कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या एका द्रवाला उष्णता देते. त्या द्रवाची वाफ चक्र फिरवते आणि थंड होऊन पुन्हा द्रव होते. दादाला हे समजावून सांगावे लागले नाही. “फ्रिजमधल्या गॅससारखं. फक्त उलट चाललेलं,” तो म्हणाला. अलास्कातील चेना येथे २००६ साली अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर अशी वीज होऊ लागली. गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातील मणुगुरू येथेही विंधनछिद्रातून येणाऱ्या गरम पाण्यावर २० किलोवॅटचा लहानसा संच बसवण्यात आला आहे.

“चेनाचं पाणी चौऱ्याहत्तर, आपलं सत्तर. मग अडतं कुठे?” दादाने विचारले.

पुतण्याने कागदावर मांडून दाखवले. वीज ही नुसत्या उष्णतेतून होत नाही. गरम आणि थंड यांच्यातील अंतरातून होते. अलास्कात गार करण्यासाठी बर्फासारखे थंड पाणी मिळते. कोकणात हवाच तीस अंशांची. सत्तर आणि तीस यांच्या अंतरातून निसर्गनियमानुसार फार तर शंभरातील बारा भाग उष्णता कामात बदलता येईल. प्रत्यक्षातील यंत्रात त्याच्या निम्मीच. तीतूनही पंप चालवायचे. खोल विंधन घेऊन अधिक तापलेले पाणी मिळाले तर हिशेब सुधारेल. पण किलोमीटर-दोन किलोमीटर कठीण कातळ फोडण्याचा खर्च मोठा आणि नेमकी पाण्याची भेग लागेलच याची हमी नाही. लडाखमधील पुगा खोऱ्यात चारशे मीटरांच्या आतच १४० अंशांच्या आसपास उष्णता आढळली आहे. तरी १९७० च्या दशकात तेथे विंधने झाल्यानंतर एक मेगावॉटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार व्हायला २०२१ साल उजाडले. साऱ्या देशातील क्षमतेचा अंदाज १०,६०० मेगावॉट असा अनेक वर्षे सांगितला जातो. परंतु या उष्णतेवर चालणारे मोठे व्यापारी वीजकेंद्र भारतात अद्याप उभे राहिलेले नाही.

दादाने वही मिटली. तिच्यावर हात ठेवून तो तसाच बसून राहिला. त्याच्या मनातला कारखाना किती वर्षांचा होता, हे मला त्या क्षणी कळले, आणि आपण एवढे स्पष्ट बोलायला नको होते, असेही वाटून गेले. वहिनी आतून म्हणाल्या, “झोपा आता. वीज उद्या करा.” आम्ही हसलो, पण ते हसू वरवरचे होते.

सकाळी तो माझ्या आधी उठला होता. म्हणाला, “चल, तुला एक गोष्ट दाखवायची राहिली.” तो मला पुन्हा कारखान्याच्या आवारात घेऊन गेला. भिंतीच्या कडेला लोखंडी झाकण बसवलेला एक पाइप होता, थोड्या अंतरावर दुसरा, आणि शेडच्या मागे तिसरा. पहिली विंधनविहीर तो आला तेव्हाची. शंभर फुटांवर पाणी होते. ती आटली तेव्हा दुसरी चारशे फुटांची घेतली. तीही काही वर्षांनी कोरडी पडली. तिसरी सहाशे फुटांची. तिचे पाणी हिवाळ्यात हाताला कोमट लागते आणि त्यात क्षार इतका की ते मऊ केल्याशिवाय बॉयलरला देता येत नाही.

“पहिली बोअर घेतली तेव्हा पाणाड्या म्हणाला होता, खाली अमाप पाणी आहे. आम्हीही मानलं. सगळ्यांनीच मानलं आणि सगळ्यांनीच उपसलं,” दादा म्हणाला. “इथे पाऊस किती? सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे पडतो त्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच. वरून येतं थोडं, काढतो जास्त. बॉयलरचं परतीचं पाणी जपणारे आम्ही. जमिनीला तिचं परत द्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.”

भूजलाचा अतिउपसा झालेल्या प्रदेशांत जयपूरचे नाव घेतले जाते, हे मी वाचले होते. वाचलेले वाक्य आणि त्या तीन पाइपांपुढे उभे राहणे यांत फार अंतर होते. आदल्या आठवड्यात मी ‘अमर्याद’ या शब्दाखाली रेघ का ओढली, ते मला तेथे कळले.

उष्णतेचे भांडार प्रचंड आहे, हे खरे. पण ती उष्णता खडकांतून वर आणून देणारा वाहक पाणी आहे, आणि पाण्याला त्याची स्वतःची चाल आहे. ते ज्या गतीने खाली जाते आणि तापते, त्याहून अधिक वेगाने ते उपसले तर झरा मंदावतो, गार होतो किंवा आटतो. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ साली मोठे भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले; काही वर्षांतच शेजारच्या दरीतील उसळणारी गरम कारंजी शांत झाली. कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ हे जगातील मोठे क्षेत्र. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील वाफेचा दाब उतरू लागला. मग १९९७ पासून जवळच्या वस्त्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी नेऊन तेथे जमिनीत सोडले जाऊ लागले आणि घसरण आटोक्यात आली. काम झालेले पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडणे हा आज या विद्येतील महत्त्वाचा नियम मानला जातो. एका दृष्टीने ती दादाची शहाणी नळीच, फक्त किलोमीटरभर खोल गेलेली.

मी हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. “मग तुरळला कुणी बोअर घ्यायला आला तर पहिला प्रश्न हा विचारायचा, परतीचं पाणी कुठे सोडणार?” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा बोलू लागला तेव्हा त्याचा स्वर आदल्या रात्रीचा नव्हता. “आणि वीजच कशाला हवी? साठ-सत्तर अंश म्हणजे वाळवणीची उष्णता. आगोठ तोंडावर आली की आपल्याकडे आमसुलं वाळत नाहीत, आंबापोळीला बुरशी येते, मासळी खराब होते. नळीतून गरम पाणी फिरवायचं, त्यावर हवा तापवायची, त्या हवेत सोलं वाळवायची आणि पाणी परत सोडायचं. पाणी कमी, खर्च कमी. त्यासाठी बॉयलरवाला पुरे, अभियंता नको.”

त्याचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. उष्णतेची वीज करताना तिचा मोठा भाग हातून निसटतो. उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर पुष्कळशी कामी येते. आइसलँडमध्ये घरोघरी गरम पाण्याचे नळ फिरवून घरे उबदार ठेवतात, ती याच शहाणपणाची मोठी आवृत्ती. आपल्याला घरे तापवायची नाहीत. पण पावसाळ्यात भिजलेल्या कोकणाला कोरडी हवा हवी असते. उद्या अधिक खोल, अधिक गरम पाणी हाती लागले आणि यंत्रे सुधारली, तर वीजही होईल. ती लहान असेल, पण रात्रंदिवस मिळेल. ऊन गेले, वारा पडला म्हणून ती थांबणार नाही. तिची आशा सोडण्याचे कारण नाही. तिच्याविषयी अतिशयोक्त बोलण्याचेही कारण नाही.

निघण्याच्या दिवशी दुपारी दादाच्या ओसरीवर बसून मी ते वाक्य पुन्हा लिहिले. भाषेची दुरुस्ती करणाऱ्याने आशयाला हात लावायचा नसतो, हा आमच्या समितीचा दंडक. म्हणून मी तो बदल विज्ञानाच्या तज्ज्ञांकडे सूचना म्हणून पाठवला, आणि त्यांनी तो मान्य केला. वाक्य असे झाले : ‘पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णता आहे; मात्र ती वर आणणारे पाणी संथ गतीने फिरते, म्हणून जितके घ्यावे तितके परत द्यावे लागते.’ पहिल्या वाक्याइतके ते गोड नाही. परंतु नववीत शाळा सुटलेल्या एखाद्या मुलाने ते वाचले आणि त्यावर विसंबून काही ठरवले, तर त्याची फसगत होणार नाही.

दादाने ते वाक्य दोनदा वाचले. मग वही उघडून, कात्रणांनंतरच्या कोऱ्या पानावर ते आपल्या वळणदार अक्षरात उतरवून घेतले. उन्हाळ्यात आमसुलांच्या दिवसांत गावी यायचे त्याने ठरवले आहे. तुरळच्या कुंडाचे पाणी सेकंदाला किती येते, ते बादली आणि घड्याळ घेऊन आधी मोजायचे, असे तो म्हणतो.